टूरच्या बसने कोकण किनारा: आधी पंचांग, मग ब्रोशर

कोकण दर्शनाची ब्रोशर्स जवळजवळ एका छापाची असतात. सुरुवातीला दिवेआगर, मधे गणपतीपुळे, शेवटी तारकर्ली. हॉटेल कुठले, नाश्त्याला काय, बस एसी की साधी, सगळे लिहिलेले असते. फक्त समुद्राची वेळ लिहिलेली नसते, आणि या किनाऱ्यावरची कितीतरी ठिकाणे तिच्यावरच अवलंबून असतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला मधे पाणी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची, कारण वाट डोंगराखालच्या खडकांवरून जाते आणि भरतीच्या लाटा थेट त्या वाटेवर येतात. हेदवीच्या बामणघळीचे उलटे. तिथे ओहोटीत गेलात तर खडकातली एक फट बघून परत याल. भरतीत मात्र त्याच फटीत पाणी कोंडते आणि उंच उसळी मारून वर येते.

म्हणून टूरची तारीख निवडताना कॅलेंडरवरची सुट्टी बघायच्या आधी तिथी बघा. टूर कंपनी तुमच्यासाठी तारीख बदलणार नाही. पण हंगामात तीच टूर दर आठवड्याला निघत असते, त्यातली कुठली घ्यायची हे तुमच्या हातात आहे.

भरतीचा हिशोब

किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकणारा. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांच्या थोडे वर अंतर असते.

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला तो बरा जुळतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते. शिवाय तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एक दिवस इकडचा तिकडे होतो. तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला आणि निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे वेळापत्रक मोबाइलवर बघून वेळा पक्क्या करा.

दुसरी गोष्ट उधाणाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते आणि ओहोटीला पाणी लांबपर्यंत मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते: पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. म्हणूनच अष्टमीला दुपारी बाराला 'पूर्ण ओहोटी' असूनही कुलाब्याच्या वाटेवर पाणी राहू शकते, आणि लोक टूर मॅनेजरवर चिडतात. चूक त्याची नसते.

आता सात रात्री-आठ दिवसांच्या टूरला हे लावून बघू. त्रयोदशीला पुण्याहून निघालात, ताम्हिणी घाटाने माणगाव आणि पुढे दिवेआगर. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, भरती साडेदहाच्या सुमाराला, ओहोटी दुपारी साडेचारला. हरिहरेश्वरला तीन-साडेतीनला पोहोचले की प्रदक्षिणा आरामात होते. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा, दापोली-हर्णै. चौथ्या दिवशी प्रतिपदा, दुपारी बारा-पाऊणला उधाणाची भरती, आणि नेमकी तेव्हाच बस गुहागर-हेदवीत असते. बामणघळ बघायला याहून चांगली वेळ नाही. रात्री गणपतीपुळे, पाचवा दिवस रत्नागिरी, सहावा विजयदुर्ग, सातवा मालवण-तारकर्ली, आठव्या दिवशी आंबोली घाटाने परत. अमावास्या धरूनही हेच गणित जमते. अमावास्येला प्रवास नको म्हणणारे घरात कोणी ना कोणी असतेच, तेव्हा पौर्णिमेची बाजू धरा. रात्री पुळणीवर चांदणे मिळेल ते वेगळे.

या मांडणीत आणखी एक सोय होते. गणपतीपुळ्याचे दर्शन संकष्टीच्या आधी उरकते. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, तिथली रांग बघून पुढचा सगळा दिवस कोलमडतो.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात, जून ते ऑगस्टअखेर, जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, त्यामुळे तेव्हाची टूर ही हिरवळ आणि धबधब्यांची टूर समजायची. गणपतीच्या आधीचा आठवडा महामार्गावर जाऊच नये. नाताळ ते एक जानेवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. शिमग्यात पालख्या बघायला मिळतात हे खरे, पण हॉटेलातली मुले आपापल्या गावी गेलेली असतात आणि जेवण वाढायला दोनच माणसे उरतात. मे महिना फक्त हापूससाठी.

बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

सगळ्यात आधी बस किती सीटांची, हे विचारा. ४५ सीटांची मोठी बस महामार्गावर सुखाची, पण श्रीवर्धन, गुहागर, मुरूडच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे घ्यावे लागते. नारळी-पोफळीच्या बागांमधल्या आळ्यांत ती शिरतच नाही. २७ सीटांची मिनीबस किंवा १७ सीटांची ट्रॅव्हलर या किनाऱ्याला जास्त सोयीची. मोठी बस असेल तर थेट विचारा: 'प्रत्येक मुक्कामाला बस कुठपर्यंत जाते? तिथून हॉटेल किती चालणे? सामान कोण नेणार?' गुडघे दुखणारे सोबत असतील तर उत्तर लेखी घ्या. 'जवळच आहे' हे उत्तर नव्हे.

पुढचा प्रश्न पैशांचा. टूरवर ५ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेली रक्कम त्यासह आहे की त्याशिवाय? जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होडीचे भाडे, किल्ल्यांची प्रवेश तिकिटे, स्थानिक गाईड, जंगल जेटीचे (गाड्यांसह खाडी पार करणाऱ्या बोटीचे) पैसे यांतले काय धरलेले आहे? स्कूबा, डॉल्फिन फेरी, वॉटर स्पोर्ट्स बहुधा धरलेले नसतात. रक्कम दोघांत एक खोली धरून सांगितलेली असते. तिसऱ्या माणसाला गादी मिळते, पलंग नाही. एकट्याने जाणाऱ्याला जास्तीचे पैसे पडतात किंवा अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घ्यावी लागते, हे दोन्ही आधीच बोलून घ्या.

तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात: होडी सुटली नाही तर काय? वारा जोराचा असेल तर बंदरातून होड्या सोडत नाहीत, भर जानेवारीतही. अशा दिवशी पर्यायी ठिकाण कुठले आणि होडीचे पैसे परत मिळणार का, हे बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहून घ्या. कॅन्सलेशनचे टप्पेही त्याच ईमेलमध्ये मागा: किती दिवस आधी कळवले तर किती कापणार.

आणि टूर किती दिवसांची? दिवेआगर ते तारकर्ली पाच दिवसांत करणारी टूर आमच्या मते घेऊच नये. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीशी वळसा घालतो किंवा जेटीवर थांबतो. बसचा वेग ताशी २५-३० किलोमीटरच पडतो. पाच दिवसांत तुम्ही समुद्र खिडकीतूनच बघाल. दिवस कमी असतील तर किनाऱ्याचा एकच तुकडा घ्या: रायगड, नाहीतर रत्नागिरी, नाहीतर सिंधुदुर्ग.

ज्या दिवशी दहा तासांहून जास्त प्रवास आहे त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आहे का, हेही विचारून ठेवा. टूरमध्ये असा दिवस एक तरी असतो, बहुधा परतीचा.

सीट आणि घाट

दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा रस्ता टूरमधला सगळ्यात देखणा, तो पूर्ण उजवीकडून दिसतो. पण दुपारनंतरचे ऊनही त्याच बाजूला. एसी बसमध्येसुद्धा पडदा ओढावा लागतो आणि मग समुद्र गेला. सकाळचा प्रवास असेल तर उजवी बाजू, दुपारचा असेल तर डावी, असे धोरण ठेवा.

बहुतेक कंपन्या रोज सीट पुढे-मागे करतात. नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण भांडणे होतात ती यावरूनच. शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते, तिथे प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो. कंबरेचा त्रास असणाऱ्याने ती पाळी बदलून घ्यावी. चाकावरच्या सीटला पाय ठेवायला जागा कमी असते. बरे सहप्रवासी दोन बिस्किटांवर सीट बदलून देतात, पण सकाळी बस सुटायच्या आधी विचारले तर.

गाडी लागणाऱ्यांसाठी तीन घाट महत्त्वाचे: जाताना ताम्हिणी, परतताना आंबोली, आणि मुंबईहून महामार्गाने येणाऱ्यांना पोलादपूर-खेडमधला कशेडी. कशेडीत आता बोगदा झाला आहे, बस तिथून गेली तर जुन्या वळणांचा त्रास वाचतो. उपाशीपोटी घाट चढू नका आणि मिसळ खाऊनही चढू नका. दोन इडल्या, कोरडी पोळी, असे काहीतरी. पुढच्या तीन-चार रांगांत बसून समोर लांब बघायचे. मोबाइलमध्ये डोके घातले की पाच वळणांत पोटात ढवळायला लागते. गोळी घ्यायची तर घाट लागायच्या किमान तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये, आणि घेतली की झोप येते हे लक्षात ठेवा. आलेपाक, आवळासुपारी जवळ असू द्या. प्लास्टिकची पिशवी सीटच्या खिशात असावी, वरच्या रॅकवरच्या बॅगेत नव्हे.

६-७-८

टूर मॅनेजर रात्री जेवताना तीन आकडे सांगतो. 'उद्या सहा-सात-आठ': सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. शेवटचा आकडा बस सुटायचा आहे, खोलीतून निघायचा नाही. पन्नास मिनिटे उशीर झाला तर पन्नास मिनिटेच गेली असे या किनाऱ्यावर होत नाही. जेटीवरची फेरी चुकते, पुढच्या फेरीला गाड्यांची रांग, आणि हेदवीला पोहोचेपर्यंत भरती उतरलेली. एक कुटुंब रोज उशिरा येत असेल तर तिसऱ्या दिवशी नव्हे, पहिल्याच दिवशी मॅनेजरला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत बोलू नका. त्याला पुढचे सात दिवस सगळ्यांना सांभाळून न्यायचे असते.

रात्रीच मॅनेजरकडून दुसऱ्या दिवसाच्या चार गोष्टी काढून घ्या: भरती कधी, होडी आहे का, पाण्यात उतरायचे का, दुपारचे जेवण किती वाजता. त्यावरून हाताशी ठेवायची पिशवी भरा. मोठी बॅग डिकीत गेली की संध्याकाळपर्यंत दिसत नाही. हाताच्या पिशवीत टोपी, पाण्याची बाटली, औषधे, पंचा, एक कपड्यांचा जोड, ओल्या कपड्यांसाठी पिशवी आणि जाड मोजे हवेत. मोजे कशाला ते पुढे येईल. बसला स्वच्छतागृह नसते. दर दोन-अडीच तासांनी थांबा हवा, ज्येष्ठ मंडळी असतील तर त्याआधी, आणि हे सांगायला लाजू नका.

रोख पैसे सोबत असू द्या, सुटे करून. होडी, शहाळे, देवळाबाहेरचे चप्पल स्टँड इथे लहान नोटा लागतात आणि खाडीकाठच्या गावांत रेंज गेली की यूपीआय अडकते.

जंगल जेटी

बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्या जंगल जेटीने पार करता येतात. बसमध्ये बसून राहायची ही वेळ नव्हे. जेटीवर चढवताना सगळ्यांना खाली उतरवतात, आणि उतरवले नाही तर तुम्ही स्वतः उतरा. ओहोटीत पाणी खाली गेलेले असते, उताराचा धक्का लांब आणि तिरपा होतो. मोठ्या बसचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे आलेला असतो. पुढची चाके बोटीच्या फळीवर चढली की तो भाग खाली झुकतो आणि काँक्रीटला घासतो. म्हणून अनुभवी ड्रायव्हर उतार बघून ठरवतो, आणि नाही म्हणाला तर वाद घालू नका. बस वळसा घालून पलीकडे येते आणि प्रवासी जेटीने पुढे जातात, असेही करता येते. अशा वेळी पाणी, औषधे आणि पाकीट हातात घेऊन उतरा, कारण बस पुन्हा भेटायला दोन तास लागू शकतात.

किल्ले आणि होड्या

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, दिवेआगरच्या बाजूने येणाऱ्यांना दिघीहूनही जाता येते. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. दरवाजा तटात असा बेमालूम बसवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

अडचण येते ती दरवाजाशी. पायऱ्यांना लागूनच समुद्र, आणि होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. उतरायचे ते होडी वर येते तेव्हा. खाली जात असताना पाय टाकला तर पायरी अचानक गुडघ्याएवढी उंच होते आणि माणूस पुढे पडतो. खलाशी हात देतो, त्याचे मनगट धरा. होडीचा काठ आणि भिंत यांच्यामध्ये बोटे कधीही ठेवू नका. आधार म्हणून काठ धरायचा मोह होतो आणि पुढच्या लाटेला होडी भिंतीवर आपटते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे मोबाइल खिशात आणि पर्स खांद्यावर आडवी. साडी किंवा ओढणी खोचून घ्या. मागे पट्टा असलेली सँडल घाला. साधी चप्पल शेवाळलेल्या पायरीवर राहते आणि पाय पुढे जातो.

आत साधारण पाऊण तास मिळतो. तेवढ्यात सगळा किल्ला होत नाही. दरवाजावरचे शिल्प, कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव, एवढे बघा आणि होडी लागायच्या आधी दहा मिनिटे दाराशी या. शनिवार-रविवारी होडीची रांगच तासाभराची असते. टूरचा जंजिऱ्याचा दिवस आठवड्यातला कुठला, हे म्हणूनही बघावे. चढ-उतार जमणार नाही असे वाटत असेल तर जेटीवर सावलीत बसून किल्ला बघण्यात कमीपणा नाही.

सिंधुदुर्ग त्यामानाने सोपा. मालवणच्या धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांत होडी पोहोचते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी याचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शिवराजेश्वराच्या देवळात पादत्राणे काढावी लागतात, आणि दुपारी बाराला तिथला दगड तव्यासारखा तापतो. मोजे त्यासाठी. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणाही अख्ख्या टेकडीभोवती, साधारण किलोमीटरभराची आणि अनवाणी. तिथेही तेच मोजे.

सुवर्णदुर्ग बहुतेक टूर हर्णैच्या किनाऱ्यावरूनच दाखवतात. जवळून बघायचा असेल तर होडीची सोय वेगळी करावी लागते. संध्याकाळी चारच्या पुढे हर्णै बंदरात मासळीचा लिलाव लागतो, तो चुकवू नका, पण पायात धुता येतील अशी पादत्राणे घाला. विजयदुर्गला बस थेट जाते, होडी नाही. तिहेरी तटबंदी बघायला दीड तास हवा. गाईड तुम्हाला सांगेल की हेलियमचा शोध इथून लागला. १८६८च्या सूर्यग्रहणाशी ही कथा जोडलेली आहे. ऐकायला छान आहे, पण या शोधाचे श्रेय ज्यांना देतात त्यांतला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. गाईडशी हुज्जत घालू नका, त्याच्याकडून आंग्र्यांचे आरमार आणि वाघोटणची खाडी यांविषयी जास्त काढून घ्या. ते त्याला खरोखर ठाऊक असते. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे गर्दी वाढली आहे. किल्ला उघडण्याच्या वेळेलाच आत शिरणे चांगले.

रत्नागिरीत एक दिवस पुरतो. टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला १८८६ मध्ये इथे आणले, राजवाडा १९१० मध्ये झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाड्यात संग्रहालय आहे, तेव्हा सोमवार येत असेल तर उघडे असेल का हे आधी फोन करून बघा. वाटेत कातळशिल्पे दाखवणार का, हेही मॅनेजरला विचारा. उक्षीचे शिल्प फार न चालता बघता येते आणि टूरच्या यादीत बहुधा नसते.

पाण्यात उतरण्याबद्दल एकच सांगणे, पण सक्त. गणपतीपुळ्याचा किनारा बघायला शांत वाटतो, मात्र थोडे आत गेले की तळ एकदम खोल जातो. तिथे माणसे बुडतात, आणि त्यांत पोहता येणारीही असतात. पाणी उतरत असताना गुडघ्यापुढे जाऊ नका. पोहायची हौस तारकर्लीला भागवा, तीही जीवरक्षक असेल तिथे. स्कूबाआधी दोन तास जड खाऊ नका. दमा, हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर नको. कान दुखले की लगेच नाक दाबून हवा सोडायची आणि तरीही दुखले तर वर यायचे. 'थोडे सहन करा' असे कोणी म्हणाले तरी ऐकायचे नाही.

जेवण

कोकणच्या टूरवर सगळ्यात जास्त तक्रार माशावरून होते. 'मांसाहारी जेवण समाविष्ट' म्हणजे ताटात एक तळलेली तुकडी आणि वाटीभर कालवण, बहुधा बांगडा. सुरमई-पापलेट हवे असेल तर वेगळे पैसे, आणि तेही सकाळी सांगितले तर. घरगुती खानावळीत पन्नास माणसांसाठी मासळी दुपारी बाराला आणता येत नाही. उकडीच्या मोदकांचेही तसेच: आदल्या दिवशी संख्या कळवायची, एका माणसाला तीन धरा. घावन, आंबोळी, सोलकढी मागितली की मिळते. पण टूरचा नाश्ता अनेकदा पोहे-उपमाच असतो, कारण तो सगळ्यांना चालतो. आंबोळी हवी असेल तर मॅनेजरला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा: 'दादा, एक दिवस तरी इथला नाश्ता द्या.' दहा जणांनी सांगितले की तो करतो.

वर सांगितलेल्या तारखेत एक मेख आहे. शुद्ध त्रयोदशीला निघालात तर मालवणला नेमकी संकष्टी येते. संकष्टी धरणाऱ्यांनी मालवणी मासे आदल्या रात्री खाऊन घ्यावेत आणि चंद्रोदयाची वेळ हॉटेलला दुपारीच कळवावी, नाहीतर नऊला स्वयंपाकघर आवरलेले असते. वद्य त्रयोदशीला निघालात तर विनायकी येते, तिथे हा प्रश्न फारसा नाही.

खरेदी आणि परतीचा दिवस

खरेदी शेवटच्या दोन दिवसांत करा. पहिल्याच दिवशी घेतलेले नारळ आठ दिवस डिकीत आपटत राहतात. कोकमाचे 'आगळ' मीठ घातलेले दाट असते, ते सोलकढीसाठी. सरबतासाठी साखरेचे कोकम वेगळे मागा, नाहीतर घरी पहिल्या घोटाला कळेल. काजू डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० अशा प्रतींत येतात. आकडा लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा. भाजीत घालायला तुकडा काजू घेतला तरी काही बिघडत नाही. सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळे कापडात गुंडाळून हातात ठेवा, रंग खरवडतो. सुकी मासळी घ्यायची तर दोन पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात आणि डिकीतच. एसी बसमध्ये ती वर ठेवली तर आंबोली चढेपर्यंत सगळी बस तुमच्याकडे बघते. मे महिन्यात हापूसची पेटी घ्यायची तर कच्चा आंबा पेंढ्यात भरलेला घ्या. पिकलेला डिकीच्या उष्णतेत एका दिवसात उतरतो.

परतीच्या दिवशी ६-७-८ नको, ५-६-७ मागा. मालवणहून आंबोली, पुढे कोल्हापूर आणि महामार्गाने पुणे, दहा-अकरा तास सहज जातात. आंबोलीत धुके उतरायच्या आत घाट चढलेला बरा. पिक-अपचे थांबे उलट्या क्रमाने येतील असे धरू नका. आपला थांबा कितवा, हे दुपारच्या जेवणालाच विचारून घरी कळवा. होडी रद्द झाली होती किंवा ठरलेली खोली मिळाली नाही, तर मॅनेजरकडून तसे कागदावर लिहून सही घ्या आणि हे बस रिकामी व्हायला लागायच्या आधी करा. नंतर ऑफिसात फोन केल्यावर 'आमच्याकडे नोंद नाही' हे उत्तर ठरलेले असते. सीटच्या खिशात चष्मा, चार्जर आणि औषधांची पट्टी राहते, तिघांचीही जागा हाताने चाचपून बघा. आणि आंबे-काजूच्या खोक्यांवर मार्करने नाव घाला. रात्री अकराला डिकी उघडते तेव्हा दहा खोकी एकाच दुकानातली असतात.